शकूच्या खारवलेल्या निंबोळ्या

शकू,

तुझी बरणी वास मारते आहे. सकाळी स्वयंपाकघरात पाय ठेवला की चहाच्या आधी, उदबत्तीच्या आधी तो वास नाकात शिरतो. कुजका म्हणता येत नाही आणि आंबूस म्हणावं तर तेवढाही बरा नाही. मला मळमळतं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बाई, तुमाले कायची येत नाई किळस?" खरं आहे ते. मला ओल्या पायपुसण्याची किळस येते, दुसऱ्याच्या कंगव्यातल्या केसांची येते, दुधावरच्या सायीची येते. परवा तुझ्या तेरवीचीही आली.

मांडव घरासमोर होता, अर्धा रस्ता अडवून. लोक जेवायला बसले आणि तुझं नाव पहिल्या घासापर्यंत टिकलं. त्यानंतर बुंदी कडक झाली आहे आणि वांग्याच्या भाजीला तर्री नाही, हाच विषय. एका पाहुण्यानं पत्रावळीतच हात धुतला. उरलेल्या वरणात ते हाताचं पाणी तरंगताना पाहिलं आणि मी पदर नाकाला लावून आत निघून गेले. बाया म्हणाल्या, मोठ्या जावेला फार लागलं. लागलं होतंच. पण त्या घडीला मला नुसती किळस आली होती, रडू नाही.

तुझ्या फोटोचं काय केलं ते ऐक. विवेकला आईचा हसरा फोटो हवा होता. हसरा म्हणावा असा एकच निघाला, मी काढलेला, ग्रीसमधला. डोक्यावर टूरवाल्याची पांढरी टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा, एक गाल फुगलेला, मागे मोडके खांब. स्टुडिओवाल्यानं टोपी काढली, चष्मा काढला, तुझ्या आधार कार्डावरचे डोळे आणून बसवले, डोक्यावर पदर चढवला, गाल चोळून सपाट केला आणि खांबांच्या जागी निळं आभाळ आणि कमळं टाकली. आता तू भिंतीवरून नेमकी कोणाकडे पाहतेस, तेच कळत नाही. येणारा-जाणारा म्हणतो, काय तेज आहे चेहऱ्यावर. मला त्या कमळांकडे पाहवत नाही.

आणि आपल्या नणंदबाई. विमल रिसोडहून आदल्या दिवशीच आली होती. बायांच्या घोळक्यात बसून डोळे पुसत म्हणाली, "आमची शकू म्हंजे गाय होती, गाय. वरन-भाताच्या पल्याड तिनं कई काई मांगतलं नाई. परदेशात गेली तरी आपलं खानं सोडलं नाई तिनं." बायांनी माना डोलावल्या. मी भिंतीकडे पाहिलं. त्या चोळून सपाट केलेल्या गालात काय होतं, ते विमलला सांगावं असं फार वाटलं. मांडवात भांडण नको म्हणून गप्प बसले. तिला नाही सांगितलं, म्हणून तुला सांगते आहे. तुला ते माहीतच आहे, पण तू माझ्याकडून तीच तीच गोष्ट पुन्हा ऐकून घ्यायचीस.

ग्रीसला जायचं आपल्या दोघींपैकी कोणाच्याच मनात नव्हतं. नवरे गेल्यावर आपण एका घरात, एका गॅसवर दिवस काढत होतो. मला मूल नाही. विवेक तुझा, पण मला मोठ्याई म्हणतो आणि दोघींना सारखंच रागावतो. त्यानंच काढलं, "दोघी युरोप पाहून या." अमरावतीच्या त्या टूरवाल्याकडे बर्फाच्या डोंगरांच्या जागा भरल्या होत्या, ग्रीसच्या उरल्या होत्या. तिथे काय आहे, असं मी विचारलं, तर टूरवाला म्हणाला, "जुनी देवळं, आणि सोबत आपलं जेवण." त्याचा सगळा धंदा त्या आपल्या जेवणावर. स्वतःचा महाराज नेतो, कुकर नेतो, कणीक नेतो, मसाल्याच्या पिशव्या नेतो. मला तेवढंच पाहिजे होतं. तू मात्र विमानात पट्टा लावता लावता विचारलंस, "बाई, थे लोक काय खात असतीन?"

"खात असतील काहीबाही. आपल्याला काय करायचं?"

"देवळं पाहाले जाऊन राह्यलो न आपन? मंग ताटही पाहू."

अथेन्सला त्या टेकडीवरच्या मोठ्या देवळाखाली आपला गट जेवायला बसला. झाडाच्या सावलीत पडलेल्या खांबांचे तुकडे होते, त्यांना हात लावू नका म्हणून पाटीही होती. त्याच तुकड्यांवर महाराजानं डबे उघडले. पुऱ्या, बटाट्याची भाजी, आंब्याचं लोणचं. पांढऱ्या दगडावर लोणच्याचं तेल ओघळलं आणि कोणी पुसलं नाही. आपल्या रिसोडकडच्याच एका काकांनी पायरीवर उभं राहून चूळ भरली. साधी नाही, घशात बोट घालून, खाकरून, सगळ्या जगाला ऐकू जाईल अशी. राखणदार बाई शिटी फुंकत धावत आली, तर काका आपल्यालाच विचारतात, "काहून वरडून राह्यली हे? पानीच तं हाय." माणसं इतका खर्च करून, इतक्या लांब येऊन थुंकतात, याची जी किळस मला त्या दिवशी आली ती अजून उतरलेली नाही. तुला हसू फुटलं, म्हणून मला तुझीही आली.

हॉटेलातल्या बाथरूममध्ये वापरलेला कागद डब्यात टाकायची पाटी होती. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. ते दिवस मी कसे काढले, तुला ठाऊक आहे.

आणि समुद्राकाठचं ते गाव. दोरीवर कपडे वाळत घालावे तसे आठ पायांचे प्राणी वाळत घातले होते. थेंब थेंब गळत होते. मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिले. तू मात्र दोरीखाली जाऊन एका पायाला बोट लावून पाहिलंस, दुकानदाराशी हातवारे करून काहीतरी बोललीस आणि परत येऊन त्याच बोटांनी मला पावाचा तुकडा मोडून दिलास. मी तो घेतला नाही. संध्याकाळपर्यंत तुझ्याशी बोलले नाही. आपल्या घरात अंडंसुद्धा येत नाही, आणि ही बाई समुद्रातल्या त्या प्राण्याची विचारपूस करते. तू बसमध्ये खिडकीला डोकं टेकून म्हणालीस, "खाल्लं थोडीच? नुसतं पाह्यलं. नरम असते, बाई." ते नरम ऐकूनच मला ओकारी आली.

त्यानंतर डेल्फी. डोंगराच्या कडेला चिकटलेलं गाव, खाली दरीत ऑलिव्हची झाडं, पार समुद्रापर्यंत. तू म्हणालीस, एवढी बाग राखाले मानसं कुठून आनत असतीन हे लोक? आपल्या धनजच्या शेताला गडी मिळत नाही, ते तुझ्या डोक्यात होतं. रात्रीच्या जेवणाला महाराजाची खिचडी होती. तू चक्क नाही म्हणालीस. सगळ्या गटासमोर. महाराजाचं तोंड एवढंसं झालं. तू माझा हात धरलास आणि हॉटेलच्या मागच्या दारानं खालच्या खोलीत नेलंस. तिथे मालकाची आई बसली होती, काळी साडी नेसावी तशी काळ्या कपड्यात, डोक्याला काळा रुमाल. तुला भाजीचा वास आला होता म्हणे. मला तर सगळ्याच गोष्टींचा आला होता.

त्या म्हातारीनं आपल्याकडे पाहिलं, आपल्या साड्यांकडे पाहिलं आणि काही न विचारता खुर्च्या ओढल्या. उकडलेली पालेभाजी आणली, वरून तेल आणि लिंबू. तू घास घेतलास आणि डोळे विस्फारलेस.

"बाई, हे तं पाथरी हाय! आपल्या हरभऱ्याच्या वावरात निंगते थेच!"

मी चाखली. होती पाथरीच, किंवा तिची सख्खी बहीण. लहानपणी वावरात बसून भाकरीसोबत कच्ची खायचो तीच किंचित कडसर चव. मला एवढ्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी गिळावंसं वाटलं. हिरव्या तेलात बुडवलेला पाव आपण खाल्ला, मधाचं घट्ट दही खाल्लं. दह्यावर साय नव्हती, हे मी आधी नीट पाहून घेतलं. तू म्हातारीला "लई मस्त, लई मस्त" म्हणत होतीस आणि तिला कळत होतं. तिच्या तोंडात दात थोडेच होते आणि ती तू खाताना तुझ्या तोंडाकडे बघत होती, आपल्या आया बघायच्या तसं.

मग तिनं पिंपातून वाटीभर ऑलिव्ह काढले. हिरवे, ओले, बोटाच्या पेराएवढे. मला वाटलं, या तर निंबोळ्या. तिच्या समोर नाही म्हणता येईना म्हणून एक तोंडात टाकला. खारट, तेलकट, गिळगिळीत, आणि मागून कडू. माझ्या जिभेनं तो ठेवूनच घेतला नाही. मी हातावर थुंकले. म्हातारी समोर, वाटी समोर, आणि माझ्या तळहातावर अर्धवट चावलेला तो हिरवा लगदा. तिचा चेहरा पडला. मला धरणीत जावंसं वाटलं.

तू काय केलंस? माझ्या तळहातावरून तो उचललास आणि स्वतःच्या तोंडात टाकलास. चावलास. बी काढून बाजूला ठेवलीस आणि म्हातारीकडे पाहून मान हलवलीस, लई मस्त. म्हातारी इतकी हसली की तिला ठसका लागला. तिनं तुझ्या गालाला हात लावला. आणि मी? मी शहारले. दुसऱ्याचं उष्टं, तेही थुंकलेलं! बाहेर आल्यावर तुला झाडलं, "तुला काही वाटतं की नाही?"

"त्यात काय झालं? तुमच्याच तोंडातलं होतं न, बाई. परक्याचं थोडी होतं."

त्या वेळी मला खरोखर किळस आली होती, हे मी आता गोड करून लिहिणार नाही. पण माझ्या नवऱ्यानं कधी माझ्या ताटातला घास उचलला नाही, माझ्या सख्ख्या बहिणीनं नाही. सासरी आल्यापासून कोणीही माझ्या तोंडातलं स्वतःच्या तोंडात घातलेलं नव्हतं. हे तुला सांगायचं राहिलं.

म्हातारीनं तुला हातवारे करून सगळं समजावलं. झाडावरचं फळ दाखवलं, तोंडाशी नेल्यासारखं केलं आणि थू थू केलं. म्हणजे ताजं फळ कोणाला तोंडात धरवत नाही. मग पिंप, मग मूठभर मीठ, मग पाणी ओतून टाकायचं, पुन्हा भरायचं, पुन्हा ओतायचं, पुन्हा भरायचं. कित्येकदा. मग बोटं ओठांना लावून मिटक्या. तू सगळं डोळ्यांनी पिऊन घेतलंस. येताना तिनं तुला पिशवीभर ऑलिव्ह दिले. दुसऱ्या दिवशी देवळं पाहताना तू तेच चघळत होतीस. फोटोतला गाल त्यानंच फुगला होता. स्टुडिओवाल्यानं चोळून काढला तो.

त्या देवळांवरूनही आपलं वाजलंच. मला खरंच कळत नव्हतं. छप्पर नाही, मूर्ती नाही, दिवा नाही, नुसते आडवे पडलेले दगड आणि त्यांच्यातून पळणाऱ्या पाली. "पडलेलं पाहायला एवढ्या लांब कायले यायचं?" मी म्हटलं. चिडले की माझीही भाषा घसरते. तू ऑलिव्हची बी रुमालात थुंकून म्हणालीस, "उभं असतं तं आपल्याले आत येऊ देलं असतं काय कोनी? पडलं म्हनून तं गाभाऱ्यात उभ्या हाओ आपन." मी म्हटलं, हा काही गाभारा नाही, उकिरडा आहे. तू म्हणालीस, असू द्या.

तिथे एक बाई बसायची, असं टूरवाल्यानं सांगितलं. तिच्या अंगात यायचं आणि लांबलांबचे राजे तिला पुढचं विचारायला यायचे. "म्हंजे आपल्याकडं देवी येते तसंच," तू म्हणालीस. "पन आपल्याकडं ज्याची म्हैस हरपली थो येऊन बसते, अथी राजे बसत होते." मग मला विचारलंस, "तुमी काय इचारलं असतं, बाई?" मी म्हटलं, काही नाही, मला अंगात येणाऱ्यांची किळस येते. "मी इचारलं असतं, आज जेवाले काय हाय?" असं म्हणून तू हसलीस, आणि तेव्हा मी फोटो काढला. आज मला कोणी तिथे नेऊन बसवलं तर मी एकच विचारीन. मोठी मी, तर आधी ही कशी? कोणी तरी हिशेबात घोळ घातला आहे आणि मला त्याचा फार राग येतो.

परत आलो. जेठात दारच्या निंबाखाली हिरव्या निंबोळ्यांचा सडा पडायला लागला आणि एका सकाळी मी पाहिलं, तर तू फरशीवर बसून त्या एकेक निवडते आहेस. समोर सासूबाईंची लोणच्याची बरणी. पाण्यानं भरलेली! ज्या बरणीला त्यांनी जन्मभर ओला हात लागू दिला नाही, घरात कोणाचे केस ओले असले तरी जिचं फडकं सोडू दिलं नाही, त्या बरणीत तू खारं पाणी आणि निंबोळ्या घातल्या होत्यास.

"शकू, लोणच्याची बरणी आहे ती!"

"लोनचं करते कोन आता? दोघीच तं हाओ. इकतचं आनतो."

"आणि निंबाचा कडूपणा कधी निघतो का? मुळापासून शेंड्यापर्यंत कडू झाड ते. पाडव्याला पाला खाताना तुझं तोंड बघ एकदा आरशात."

"थ्या बुढीनं सांगतलं न, झाडावरचं फळ तोंडात नाई धरवत म्हनून? मंग त्याचा निंगते तं याचा काहून नाई निंगनार?"

"ते फळ वेगळं, हे वेगळं."

"दोनी हिरवेच हायेत."

शिकलेली मी, शाळेत पोरांना झाडांची नावं शिकवण्यात अख्खी नोकरी सरली माझी. तुला मी सगळं सांगितलं, झाडाची जात, फळाचा गर, सगळं. तू ऐकून घेतलंस आणि पाणी बदललंस. पाऊस लागला तशी बरणीवर पांढरी साय धरायला लागली. साय, शकू! माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या नाकासमोर. तू ती हातानं काढून मोरीत टाकायचीस आणि त्याच हातानं पीठ मळायला जायचीस. मी ओरडायची, तू हात धुवायचीस. अधूनमधून एक निंबोळी चावून पाहायचीस, सगळा चेहरा गोळा व्हायचा आणि म्हणायचीस, "अजून झाल्या नाईत." जणू नुसता वेळेचाच प्रश्न होता. मी म्हणायची, कधीच होणार नाहीत. असा आपला वाद चालला होता, रोज चहासोबत. मला त्या वादाचा कंटाळा आला आहे, असं मी शेजारी सांगितलं होतं.

पोळ्याच्या तोंडावर तुला ताप भरला. साधा वाटला, मग उतरेना, मग विवेक पुण्याहून आला आणि तुला अकोल्याला हलवलं. दवाखान्यात माणूस जास्त थांबू देत नव्हते, मी घरी. तुझा रोज फोन. मी विचारणार तब्येतीचं, तर तुझं आपलं, "पानी बदललं काय?"

"तुला सलाईन चढवलं का ते सांग आधी."

"थे चढून राह्यलं. तुमी बरनीचं सांगा."

बदलत होते मी. नाकाला पदर बांधून, डोळे अर्धे मिटून, गच्च ओठ आवळून. ती साय बोटाला लागायची आणि माझ्या अंगावर काटा यायचा. साबणानं हात धुवून धुवून माझी बोटं सुरकुतली. पण बदललं, रोज बदललं. मीठही तू सांगितलंस तेवढंच घातलं.

शेवटचा फोन असा. "पानी बदललं काय?" "बदललं." "चाखली काय एखांदी?"

"थू!" मी म्हटलं.

तू खूप हसलीस. हसता हसता खोकला आला, आणि नर्सनं फोन काढून घेतला असावा. दुसऱ्या दिवशी फोन विवेकचा आला. म्हणजे मी तुझ्याशी बोललेला शेवटचा शब्द थू. एवढी वर्षं एका घरात राहून, एका परातीत पीठ मळून शेवटी काय, तर थू. लोक शेवटी रामाचं नाव घ्यायला लावतात. मला या गोष्टीची किती किळस येते ते मी तुला सांगू शकत नाही, आणि तू असतीस तर याच्यावरच सगळ्यात जास्त हसली असतीस, हेही मला माहीत आहे.

आता काल सकाळचं सांगते. पाहुणे गेले होते. विमल, विवेक आणि मी. विमल स्वयंपाकघरात गेली आणि नाक धरून बाहेर आली.

"वैनी, थ्या बरनीत काय मेलं हाय?"

"शकूच्या निंबोळ्या आहेत."

"निंबोळ्या? खाऱ्या पान्यात? येडी झाली होती काय थे?" मग तिला मांडवातलं आठवलं असावं, आवाज खाली आणून म्हणाली, "तापात केलं असंल बिचारीनं. फेकून द्या. घरात असं ठेवू नाई."

तेवढ्यात घंटागाडी आली, तिचं ते गाणं वाजवत. विमलनं विवेकला सांगितलं आणि त्यानं बरणी उचलली. तू गेल्यापासून तो फारसं बोलतच नाही, सांगाल ते करतो, उचल म्हटलं की उचलतो. मी दारात उभी होते. त्यानं बरणी छातीशी धरली होती आणि आतलं पाणी हिंदकळून त्याच्या शर्टावर सांडत होतं. तो वास. गाडीवरची बाई हात पुढे करून उभी. मला वाटलं, बरं झालं, सुटले एकदाची. खरंच तसं वाटलं, शकू. मग विवेकनं माझ्याकडे पाहिलं. डोळे तुझे. स्टुडिओवाल्यानं बसवले ते नाही, चष्म्यामागे होते ते.

"मोठ्याई, आई हे खात होती का?"

"आण इकडे," मी म्हटलं.

फाटकापाशीच बरणी खाली ठेवायला लावली. फडकं सोडलं. साय बोटानं बाजूला केली. बोटानं, चमच्यानं नाही. एक निंबोळी काढली आणि पदराला न पुसता तोंडात टाकली.

आधी खारट लागली. एक क्षण वाटलं, जिंकलीस तू. मग दाताखाली फुटली आणि तो कडूपणा वर आला. जिभेवर, टाळ्यावर, घशात, नाकापर्यंत. डोळ्यांतून पाणी आलं. विमल ओरडली, "थुका वैनी, थुका! काय करून राह्यल्या तुमी!" माझा हात आपोआप तोंडासमोर गेला, पसरलेला, डेल्फीला गेला होता तसाच. तळहात समोर धरून मी उभी राहिले. आणि मग मला कळलं की यावर थुंकलं तर ते उचलणारं आता कोणी नाही.

गिळली मी. बी फक्त काढून हातात ठेवली.

"कशी हाय?" विवेकनं विचारलं. पुण्याला जाऊन तो शुद्ध बोलायला लागला होता. तू गेल्यापासून पहिल्यांदाच तुझ्यासारखा बोलला.

तू आणि मी एवढे दिवस भांडलो होतो. मी बरोबर होते. निंबाचा कडूपणा जात नाही, आणि मी शाळेत शिकवलेलं सगळं खरं होतं. सांगायला तोंडही उघडलं.

"अजून झाल्या नाहीत," मी म्हटलं. "पाणी बदलावं लागेल."

विमल माझ्याकडे बघत राहिली. घंटागाडीवाली निघून गेली. विवेक आत जाऊन मिठाचा डबा घेऊन आला आणि फाटकात बसला, मांडी घालून, शर्ट ओला तसाच. मी पाणी ओतलं, त्यानं भरलं.

आज दुपारच्या गाडीनं तो गेला. कारंज्याच्या स्टँडवर मी त्याला सोडून आले. घरी येऊन पाय धुवत होते, तर फोन वाजला. गाडीचा आवाज होता मागे, नीट ऐकू येत नव्हतं.

"मोठ्याई, पानी बदललं काय?"

मी अजून बदललं नव्हतं. बदलते म्हटलं, आणि उठले.